एसएमपीएस किती वॅटचा घ्यायचा? आधी बेरीज, मग लेबल, शेवटी दुकान

असेंबल्ड पीसी जोडताना लोक प्रोसेसरवर आठवडाभर डोकं खपवतात, ग्राफिक्स कार्डावर महिनाभर, आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा, मात्र उरलेल्या पैशांत बसेल तो उचलतात. मला येणारा प्रश्नही ठरलेला असतो: "पाचशे वॅटचा पुरेल ना?" कशाला पुरेल, ते प्रश्नात कुठेच नसतं. आणि कुठला पाचशेचा, तेही नसतं. दोन वेगवेगळ्या खोक्यांवर ५०० लिहिलेलं असलं तरी आतून मिळणाऱ्या पॉवरमध्ये शंभर-दीडशे वॅटचा फरक असू शकतो.

म्हणून क्रम उलटा धरायचा. खोक्यावरच्या आकड्यापासून सुरुवात नाही. सुरुवात आपल्या मशीनच्या बेरजेपासून, त्यानंतर एसएमपीएसच्या लेबलवरच्या +१२ व्होल्टच्या ओळीपासून.

## तयारी: हे कागदावर लिहून घ्या

- प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. 'आय५' एवढं चालणार नाही. १२४०० आणि १२६००के यांच्या भुकेत मोठा फरक आहे. मशीन चालू असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये नाव दिसतं.
- ग्राफिक्स कार्डाचं मॉडेल आणि ते बनवणारी कंपनी. एकाच चिपचं साधं कार्ड आणि फॅक्टरीतूनच ओव्हरक्लॉक होऊन (वेग वाढवून) आलेलं तीन पंख्यांचं कार्ड, दोघांची ओढ वेगळी असते.
- हार्ड डिस्क, एसएसडी, पंखे, लिक्विड कूलरचा पंप यांची संख्या.
- मदरबोर्डवर प्रोसेसरच्या पॉवरसाठी ४ पिनांची जागा आहे, ८ ची आहे, की ८ अधिक ४ ची.
- कॅबिनेटमध्ये एसएमपीएससाठी किती लांबी मोकळी आहे. साध्या एटीएक्सची (डेस्कटॉप एसएमपीएसचं हे ठरलेलं प्रमाण) लांबी किमान १४० मिलिमीटर असते आणि रुंदी १५०, उंची ८६. जास्त वॅटचे नग याहून लांब असतात.

जुना ब्रँडेड ऑफिस पीसी घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचा विचार असेल, तर इथेच थांबून कॅबिनेट उघडा. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डची पॉवर केबल नेहमीची २४ पिनांची नसते आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. बाजारातला एटीएक्स एसएमपीएस त्यात सरळ बसत नाही. अशा डब्यात ७५ वॅटच्या आतलं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्डच शहाणपणाचं.

## पायरी १: प्रोसेसरचा खरा आकडा शोधा

खोक्यावर ६५ वॅट असतं आणि लोक तेच बेरजेत धरतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

इंटेलच्या वेबसाइटवर प्रत्येक प्रोसेसरचे दोन आकडे असतात: बेस पॉवर आणि मॅक्सिमम टर्बो पॉवर. दुसरा घ्यायचा. आय५-१२४००एफ चे आकडे ६५ आणि ११७ आहेत, आय५-१३४००एफ चे ६५ आणि १४८. आय७-१४७००के १२५ वरून थेट २५३ वर जातो.

एएमडी टीडीपी (प्रोसेसरच्या उष्णतेवरून ठरवलेला वॅटचा आकडा) सांगते. सॉकेटमधून प्रत्यक्ष ओढायची मुभा त्याच्या साधारण १.३५ पट असते, तिला पीपीटी म्हणतात. ६५ चे ८८, १०५ चे १४२, १२० चे १६२, १७० चे २३०. काही मॉडेलं याहून कमी घेतात, पण बेरजेसाठी हेच धरा.

सावधान: 'के' मालिकेचा इंटेल प्रोसेसर महागड्या मदरबोर्डवर असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट बघा. तिथे ४०९५ वॅट असा विचित्र आकडा दिसला तर बोर्डाने मर्यादाच काढून टाकलेली आहे. एसएमपीएस मोठा घेण्याआधी ती मर्यादा इंटेलने सांगितलेल्या आकड्यावर आणा. फुकटात पन्नासेक वॅट वाचतील आणि खोलीही थंड राहील.

## पायरी २: ग्राफिक्स कार्ड

कार्डाच्या पानावर दोन आकडे असतात आणि त्यांची गल्लत होते. एक कार्डाची स्वतःची ओढ, दुसरा कंपनीने सुचवलेला अख्ख्या सिस्टिमचा एसएमपीएस. आरटीएक्स ४०६० समोर ११५ आणि ५५० दिसेल. बेरजेत ११५ जातात. ५५० हा आकडा कंपनीने समोरच्याचा प्रोसेसर आणि एसएमपीएस माहीत नसताना, हात राखून सांगितलेला असतो. तो शेवटी पडताळणीला वापरायचा.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या कार्डांचे आकडे, ओढ आणि सुचवलेला एसएमपीएस या क्रमाने:

- आरटीएक्स ३०६०: १७० वॅट, ५५०
- आरटीएक्स ४०६०: ११५ वॅट, ५५०
- आरटीएक्स ५०६०: १४५ वॅट, ५५०
- आरटीएक्स ४०७० सुपर: २२० वॅट, ६५०
- आरटीएक्स ५०७०: २५० वॅट, ६५०
- आरटीएक्स ५०७० टीआय: ३०० वॅट, ७५०
- आरटीएक्स ३०८०, १० जीबी: ३२० वॅट, ७५०
- आरएक्स ७८०० एक्सटी: २६३ वॅट, ७००
- आरटीएक्स ५०९०: ५७५ वॅट, १०००

फॅक्टरी ओव्हरक्लॉक कार्ड असेल तर यात दहा टक्के वाढवा.

## पायरी ३: उरलेलं सगळं

इथे काटेकोर हिशेब करत बसू नका. मदरबोर्ड ३० ते ५० वॅट, रॅमची प्रत्येक काडी ३ ते ५, एनव्हीएमई एसएसडी जोर लागल्यावर ५ ते ८, पंखा २ ते ३, पंप ५ ते १०. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनला सरसकट ६० धरा, कार्ड असलेल्या साध्या मशीनला ७५-८०, पंखे-दिवे-पंप असलेल्याला ९०.

हार्ड डिस्क मात्र वेगळी मोजा. ३.५ इंची डिस्क चालू असताना ६ ते ९ वॅट घेते, पण तबकडी फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत, म्हणजे २४ वॅट ओढते. एखाददुसरी असेल तर सोडून द्या. लग्नांच्या शूटिंगचा डेटा साठवणारे फोटोग्राफर सहा-सहा डिस्क लावतात, त्यांना पीसी सुरू होताना हा झटका बसतो.

## पायरी ४: बेरीज करा आणि वर जागा ठेवा

तीन आकडे मिळवा. आलेल्या बेरजेला १.३ ने गुणा.

कार्ड २५० वॅट किंवा त्याहून मोठं असेल आणि एसएमपीएस जुन्या एटीएक्स प्रमाणाचा असेल, तर १.४ ने गुणा. कारण असं: मोठी कार्डं सरासरीत ३०० वॅट घेत असली तरी मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी त्याच्या दीडपट किंवा जास्त ओढतात. वॅटमीटरवर हे दिसत नाही, पण एसएमपीएसच्या सुरक्षा सर्किटला दिसतं, आणि ते मशीन पाडून टाकतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर चांगल्या कंपन्यांचे एसएमपीएसही याच कारणाने बंद पडू लागले होते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० प्रमाणात याची सोय केली गेली: एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. म्हणून खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असेल तर मोठ्या कार्डालाही १.३ पुरतं.

चार मशीनची गणितं करून दाखवतो.

घरचं आणि दुकानाचं मशीन. रायझन ५ ५६००जी, वेगळं कार्ड नाही. प्रोसेसर ८८, बाकीचं ६०, बेरीज १४८. गुणिले १.३ म्हणजे १९२. होय, दोनशेच्या आत. टॅली, बिलिंग, ऑनलाइन क्लास यांसाठी ६५० वॅटचा एसएमपीएस विकणारा दुकानदार तुमचे पैसे वाया घालवतोय. चांगल्या कंपनीचा सर्वांत लहान, ४०० किंवा ४५० चा घ्या.

मधल्या बजेटचं गेमिंग. आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६०. ११७ अधिक ११५ अधिक ७५ म्हणजे ३०७. गुणिले १.३, साधारण ४००. गणित ४५० सांगतं, कार्डाची कंपनी ५५० सांगते. नवा घेत असाल तर ५५० घ्या, किमतीत फार फरक नसतो. घरात चांगला ४५० चा नग आधीच असेल, तर फक्त या आकड्यासाठी तो बदलू नका.

भारी मशीन. रायझन ७ ७८००एक्स३डी आणि आरटीएक्स ५०७० टीआय. १६२ अधिक ३०० अधिक ८० म्हणजे ५४२. एटीएक्स ३.१ चा एसएमपीएस धरला तर ७०५, म्हणून ७५०. जुन्या प्रमाणाचा धरला तर ७५९, म्हणजे ८५० कडे जावं लागतं. हे कार्ड घेणाऱ्याने जुन्या प्रमाणाच्या वाटेला जाऊच नये.

सेकंडहँड कार्डाचा मोह. आय७-१४७००के आणि वापरलेलं आरटीएक्स ३०८०. २५३ अधिक ३२० अधिक ९० म्हणजे ६६३, गुणिले १.४ म्हणजे ९२८. हजार वॅट? गेम खेळताना हा प्रोसेसर २५३ पर्यंत क्वचितच जातो, त्यामुळे निव्वळ गेमिंगला चांगला ८५० पुरतो. ब्लेंडरमध्ये रेंडर लावून प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तासन्‌तास राबवणार असाल तर मात्र हजारच. गणित इथे उत्तर देत नाही, तुमचा वापर देतो.

पडताळा: तुमचा आकडा आणि कार्डाच्या कंपनीचा आकडा यांत दोनशेहून जास्त फरक आला, तर पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा तपासा. बहुतेक वेळा प्रोसेसरचा बेस आकडा धरलेला असतो, किंवा कार्डाच्या जागी सुचवलेला एसएमपीएस मिळवलेला असतो.

पुढे कार्ड बदलायचं नक्की असेल तर त्या कार्डाचा आकडा आत्ताच बेरजेत धरा. 'कधीतरी घेईन' म्हणून नको. कधीतरीचं कार्ड येईपर्यंत केबलचं प्रमाण बदललेलं असतं.

## पायरी ५: लेबल वाचा

आता खोकं हातात घ्यायचं. पुढच्या बाजूचा मोठा आकडा विसरा. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्याचा फोटो दुकानदाराकडून व्हॉट्सॲपवर मागवा.

तक्त्यात +३.३, +५, +१२, -१२ आणि +५ स्टँडबाय असे रकाने असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं +१२ व्होल्टवरून घेतात. म्हणून त्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२, एवढाच गुणाकार करायचा.

चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ५४ अँपिअर दिसतील: ६४८ वॅट. म्हणजे अख्खी क्षमता कामाच्या जागी आहे. जुन्या धाटणीच्या ५०० वॅटच्या नगावर ३४ अँपिअर दिसले तर ४०८ वॅट. नग खोटा नाही, पण तुमच्यासाठी तो पाचशेचा नाही, चारशेचा आहे.

आणि मग तिसरा प्रकार. मित्राच्या भाच्याचं मशीन गेम सुरू होताच बंद पडायचं. दुकानात दोनदा विंडोज टाकून झालं, रॅम बदलून झाली. मी कॅबिनेट उघडलं तर आत कॅबिनेटसोबत आलेला 'साडेचारशे वॅट'चा एसएमपीएस. लेबल असं: ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ ला २०, १२ ला १६. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. गंमत म्हणजे सगळे रकाने आंधळेपणाने मिळवले तरी बेरीज ३७२ च्या पुढे जात नव्हती. ४५० हा आकडा कुठून आला ते छापणाऱ्यालाच ठाऊक. त्यावर १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० लावलेलं होतं. भाच्याला वाटत होतं गेमच खराब आहे.

लेबल वाचताना घसरायच्या जागा:

- दोन १२ व्होल्टचे रकाने. १२व्ही१ ला १८ आणि १२व्ही२ ला १६ लिहिलं असेल तर ३४ करू नका. खाली दोन्हींचा एकत्रित कमाल आकडा वॅटमध्ये दिलेला असतो, तो धरा. दिलेलाच नसेल तर नग परत ठेवा.
- पीक वॅट. 'मॅक्स' किंवा 'पीक' लिहिलेला आकडा सततचा नव्हे.
- तापमान. सततची क्षमता किती तापमानाला मोजली आहे हे कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. ४० अंश चालेल, ५० उत्तम. २५ अंशाला मोजलेला नग मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या खोलीत, त्यातही कॅबिनेटच्या आत, तेवढं देणार नाही.
- वजनाची परीक्षा. 'जड आहे म्हणजे चांगला' हे आता लेबलशिवाय धरू नका.

८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या ब्राँझ-गोल्ड बिल्ल्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ६५० वॅट गोल्ड म्हणजे ६५० च्या ९० टक्के, म्हणजे ५८५ च मिळणार. उलट आहे. ६५० चा नग आत ६५० देतो; त्यासाठी भिंतीतून साधारण ७२० ओढतो. बिल्ला फक्त वाया किती जातं ते सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. मशीनला आत ३०० वॅट लागत असतील तर ब्राँझ भिंतीतून ३५३ घेईल, गोल्ड ३३३. रोज चार तास खेळलात तर वर्षाला २९ युनिटचा फरक. आपल्या बिलावरच्या दराने गुणून बघा आणि ठरवा.

त्याचीच दुसरी बाजू: हजार वॅटचा एसएमपीएस लावला म्हणून वीजबिल दुप्पट होत नाही. मशीन मागेल तेवढंच तो देतो. मोठा घेतल्याने जातात ते खरेदीचे पैसे.

## पायरी ६: केबल मोजा

वॅट पुरले आणि केबल नाही पुरल्या, असं होतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनी केबलमधून ७५, ८ पिनीतून १५०. नव्या १६ पिनी केबलमधून ६०० पर्यंत, पण ती केबल किती वॅटची आहे ते तिच्यावर छापलेलं असतं. वाचा.

कार्डाला दोन ८ पिनी जागा असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलच्या टोकाला दोन कनेक्टर लोंबत असतात, ते २२५ वॅटपर्यंतच्या कार्डाला ठीक, त्यापुढे नको.

या तीन गोष्टी करू नका:

१. साटा केबलवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी) ग्राफिक्स कार्डाला पॉवर देणारं कन्व्हर्टर लावू नका. साटाच्या कनेक्टरला १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर म्हणजे ५४ वॅटचीच परवानगी आहे. कन्व्हर्टर पंचाहत्तर मागतं. प्लास्टिक वितळतं.

२. प्रोसेसरची ८ पिनी केबल कार्डात घुसवू नका. दिसायला सारखी, पण जिथे एकीला १२ व्होल्ट तिथे दुसरीला ग्राउंड. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी तुटते, कार्डाची ६ अधिक २.

३. मॉड्युलर (केबल काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावू नका, कंपनी तीच असली तरी. मशीनकडच्या टोकाला प्रमाण आहे, एसएमपीएसकडच्या टोकाला नाही. कनेक्टर अगदी टक्क बसतो, आणि हार्ड डिस्क जाते. जुना एसएमपीएस काढताना 'केबल राहू दे, आत नीट बांधल्यात' असं म्हणणारे याच खड्ड्यात पडतात.

१६ पिनी कनेक्टर आवाज होईपर्यंत पूर्ण बसवा, मधे फट दिसता कामा नये. तोंडापासून साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ ठेवा, मग वळवा. कॅबिनेटची काच केबलवर दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे.

## पायरी ७: घरची वीज तपासा

ही पायरी परदेशी व्हिडिओंत सहसा नसते, म्हणून आपल्याकडेही राहून जाते.

व्होल्टेज. लेबलवर इनपुटचा रकाना बघा. काहींवर १००-२४० असतं, स्वस्तातल्या बऱ्याच नगांवर २००-२४०. शहरात दुसरा प्रकार चालून जातो. गावाकडे पंप सुरू झाले की रात्री व्होल्टेज १८० च्या खाली येत असेल, तर १००-२४० वालाच घ्या. मागे ११५-२३० असं लाल बटण असेल तर ते २३० वर आहे ना, हे प्लग लावायच्या आधी बघा. ११५ वर ठेवून सुरू केलेला एसएमपीएस फटाक्यासारखा वाजतो.

अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? एसएमपीएस बहुधा ठीक आहे, सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतो. वाट नसली की तो पत्र्यावर थांबतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे नेहमीचं. इलेक्ट्रिशियन बोलवा. एसएमपीएस बदलून काही होणार नाही, आणि तीन पिनी प्लगची मोठी पिन कापणं हा तर उपायच नव्हे.

यूपीएस. ६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्याची तुलना एसएमपीएसवरच्या आकड्याशी करू नका, भिंतीतून प्रत्यक्ष जाणाऱ्या वॅटशी करा. वरचं आरटीएक्स ४०६० चं मशीन खेळताना भिंतीतून अडीचशे-तीनशेच्या आसपास घेतं, त्याला ६०० व्हीए चालेल. ५०७० टीआय चं मशीन पाचशेच्या घरात जाईल. त्याला हा यूपीएस वीज जाताच शिट्टी मारून बंद होईल.

वीज गेल्यावर यूपीएस चालू राहतो पण पीसी रीस्टार्ट होतो, तेव्हा दोष यूपीएसला दिला जातो. बदलायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला नग पूर्ण भारावर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातला धरत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का, तेवढं आधी बघा.

## पायरी ८: खरेदी

लॅमिंग्टन रोडवर उभे असा किंवा ऑनलाइन मागवत असा, हातात चिठ्ठी हवी: १२ व्होल्टवर किमान किती वॅट, ८ पिनी केबल किती, १६ पिनी हवी का, इनपुट किती, लांबी किती. "पाचशेचा द्या" म्हणालात की समोरच्याकडे जो जास्त दिवस पडून आहे तो मिळणार.

दोन नगांत अडकलात तर वॉरंटीची वर्षं बघा. तीन वर्षं आणि सात वर्षं यांतला फरक कंपनीला आपल्या मालाबद्दल काय वाटतं तो असतो. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, नाहीतर ती वर्षं कागदावरच राहतात.

वापरलेला एसएमपीएस मी घेत नाही. ग्राफिक्स कार्ड जुनं घेईन, रॅम घेईन, हा नाही. आतले कपॅसिटर किती तापून गेलेत ते बाहेरून कळत नाही, आणि उघडून बघायचा विचारही करू नका: प्लग काढल्यावरही आत तीनशेहून जास्त व्होल्ट काही वेळ शिल्लक असतात.

## पायरी ९: जोडल्यावर परीक्षा घ्या

पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत असताना.

१. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर लावा. तो पुढे फ्रीजपासून गिझरपर्यंत कामी येतो, त्यामुळे पैसे वसूल.
२. नुसतं डेस्कटॉप उघडं ठेवून आकडा लिहा.
३. सिनेबेंच (प्रोसेसरला राबवणारं सॉफ्टवेअर) आणि फरमार्क (कार्डाला राबवणारं) एकाच वेळी वीस मिनिटं चालवा. प्रत्यक्ष वापरात इतका भार क्वचित येतो, म्हणून इथे टिकला तर टिकला.
४. मीटरवरचा आकडा गुणिले ०.८८ केला की आतली ओढ साधारण कळते. मीटर ४२० दाखवत असेल तर आत ३७०. ही ओढ एसएमपीएसच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली असावी.
५. त्याच वेळी एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची ओळ बघा. ११.४ च्या खाली जाता कामा नये. गेलीच तर घाबरण्याआधी मल्टिमीटरने मोजा, मदरबोर्डाचे सेन्सर थापा मारतात.

भाराखाली मशीन फटकन बंद झालं किंवा रीस्टार्ट झालं, आणि निळा स्क्रीन आला नाही, तर संशय एसएमपीएसवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसेल. त्यावरून निकाल देऊ नका, ती नोंद फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगते. खात्रीसाठी एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. आता टिकलं तर एसएमपीएस कमी पडतोय, किंवा कार्डाकडे जाणारी केबल नीट बसलेली नाही. आधी केबल काढून पुन्हा बसवा, मग दुकानात जा. ७० टक्क्यांवरही तसंच पडलं तर प्रोसेसरचं तापमान आणि रॅमकडे वळा.

मशीन न पडता नुसतं गोठत असेल, चित्रात ठिपके येत असतील, तर ते बहुधा वेगळं दुखणं आहे. एसएमपीएस बदलून पैसे घालवू नका.

सगळं पास झालं की न वापरलेल्या मॉड्युलर केबल एका पिशवीत भरा आणि पिशवीवर एसएमपीएसचं मॉडेल मार्करने लिहा. दोन वर्षांनी नवी हार्ड डिस्क लावायला ड्रॉवर उपसाल तेव्हा तिथे तीन एसएमपीएसच्या केबल एकमेकींत गुंतलेल्या असतील, आणि तिघींचे कनेक्टर त्याच जागेत बसत असतील.